सिन्नरचा उन्हाळा आणि घरची माउली

नाशिकहून पुण्याच्या वाटेनें निघालें म्हणजे सुमारें १८ मैलांवर सिन्नर लागतें. इतिहासाचा अभ्यासक तेथें उतरतो तो बहुधा गोंदेश्वराच्या देवळासाठीं. काळ्या पाषाणाचें तें यादवकालीन शिवालय, त्याच्या चार कोंपऱ्यांवर उभीं असलेलीं विष्णु, गणेश, सूर्य व पार्वती यांचीं लहान देवळें आणि भिंतींवरील शिल्पकाम पाहून तो थक्क होतो. सेउणचंद्रानें वसविलेल्या सेउणपुराचें नांव याच परिसराशीं जोडलें जातें आणि बाराव्या शतकाच्या उत्तरार्धांत पांचव्या भिल्लमानें यादवांची राजधानी देवगिरीस नेली, एवढें टिपून घेऊन तो परत फिरतो. सिन्नरचा इतिहास आपल्या वहींत उतरला असें त्यास वाटतें. परंतु हें देऊळ उभें राहिल्यापासून आजपर्यंत या गांवावर प्रत्येक वर्षीं उन्हाळा आला, आणि प्रत्येक उन्हाळ्यांत कोणी तरी घरांतल्या पोरांना पाणी पाजून, निजवून, जगवून पावसाळ्याच्या हवालीं केलें. त्या उद्योगाची नोंद देवळाच्या दगडांवर नाहीं.

यादवांच्या वंशावळीसाठीं अभ्यासक ज्या ग्रंथाकडे धांव घेतात तो हेमाद्रि पंडिताचा 'चतुर्वर्गचिंतामणि'. तेराव्या शतकांतल्या या ग्रंथाच्या व्रतखंडांत यादव राजांची प्रशस्ति आहे, आणि त्या घराण्याची बरीचशी हकीकत तिच्यांतूनच हातीं लागते. पण तो खंड मुळांत रचला गेला तो व्रतांसाठीं. राजांच्या कीर्तीचा भाग पंडितांच्या कामास आला. व्रतें मात्र घरोघर राहिलीं आणि त्यांचा सांभाळ बहुतांशीं स्त्रियांनींच केला. म्हणून सिन्नरसारख्या गांवाचा घरगुती इतिहास शोधावयाचा तर राजवाड्याच्या पायापेक्षां पंचांगाच्या पानावर आणि पाणवठ्याच्या वाटेवर तो अधिक सांपडतो.

हा उन्हाळा नुसत्या तापाचा नव्हता, हें आधीं सांगितलें पाहिजे. गहूं-हरभरा खळ्यावरून घरांत आला, कणगी भरली कीं घरधनिणीचा जीव थोडा थाऱ्यावर येई. चैत्रांत गौर बसे. कैरीची डाळ आणि पन्हें यांच्या निमित्तानें शेजारच्या चार बायका ओसरीवर जमत, आणि वर्षभर उंबऱ्याच्या आंत राहिलेलें बोलणें त्या घटकाभरांत बाहेर पडे. वैशाखांत अक्षय्य तृतीया येई. नाशिकच्या उत्तरेकडील व खानदेशाकडील लोक तिला आखाजी म्हणतात. सासरीं गेलेली लेक त्या सणाला माहेरीं येते, झाडाला झोके बांधले जातात, आणि दोन लेंकरांची आई झालेली मुलगी आपल्या आईपुढें पुन्हां मूल होते. ज्या महिन्यांत पाणी दुर्मीळ, त्याच महिन्यांत पितरांच्या नांवानें भरलेला घडा देण्याची चाल पूर्वजांनीं घालून दिली. पाण्याची किंमत ओळखणाऱ्या प्रदेशांतच असा सण मनापासून पाळला जातो.

याच दिवसांत वाळवणें पडत. गहूं तीन दिवस भिजवून त्याचा चीक काढावयाचा, पहांटे उठून तो शिजवावयाचा आणि ऊन चढण्याच्या आंत कुरडया घालून मोकळें व्हावयाचें. दुसऱ्या दिवशीं पापड, तिसऱ्या दिवशीं शेवया, मग सांडगे. सासू, सून, जाऊ, शेजारीण अशा चौघींचे हात लागल्याखेरीज हें काम उरकत नसे. पोरांना कावळे हांकण्यास बसवीत, आणि राखणदारच अर्धे ओले पापड फस्त करीत, हें प्रत्येक आईला ठाऊक असे व ती तेवढे जास्त लाटून ठेवी. ज्या उन्हानें जीव नकोसा होई तेंच ऊन घरच्या गड्यासारखें कामास जुंपलें जाई. आषाढ-श्रावणांत शेतांत चिखल, बाजारांत महागाई आणि घरांत भाजीची वाण असे. त्या दिवसांची तरतूद वैशाखांतल्या अंगणांत होत असे. गृहिणीच्या या हिशेबाला कोणी अर्थशास्त्र म्हटलें नाहीं, तरी कुटुंबाचा पावसाळा त्यावरच निभावत असे.

मात्र या सुखाच्या बाजूस दुसरी एक बाजू आहे, आणि ती पाण्यापासून सुरू होते. सह्याद्रीच्या माथ्यावर पाऊस धो धो कोसळतो. तेथून पूर्वेकडे जावें तसा तो ओसरत जातो. सिन्नर तालुका या ओसरत्या पावसाच्या पट्ट्यांत आहे, आणि त्याचा पूर्वेकडील भाग तर अधिकच कोरडा. खालीं काळा कातळ. त्यांत पाणी मुरावयास जागा थोडी. शिमगा झाला कीं विहिरी खालावूं लागतात. नदीचें पात्र आटलें म्हणजे वाळूंत झिरा खणावयाचा, वाटीनें पाणी उपसून हंडा भरावयाचा आणि झिऱ्यांत पुन्हां पाणी सांचेपर्यंत काठावर बसून राहावयाचें. हें काम रूढीनें स्त्रीच्याच वांट्याला आलें. डोक्यावर हंडा, त्यावर कळशी, कडेवर मूल आणि पदराला धरून चालणारें दुसरें मूल, अशी ती खेप असे. चार खेपांत दिवसाचा प्रहर जाई.

पाणी आलें म्हणजे त्याची वांटणी करण्याचें कठीण काम पुढें उभें राहीं. पिण्याला किती, भाकरीच्या पिठाला किती, जनावरांना किती आणि तान्ह्याच्या अंगावर घालावयास किती, हें ती मनांतल्या मनांत ठरवी. या वांटणींत शेवटचा वांटा तिचा स्वतःचा असे. पहिल्या बाळंतपणाला आलेली लेक घरांत असली तर हिशेब आणखी अवघड. बाळंतिणीची खोली कोंदट ठेवण्याची, तिला शेकशेगडी देण्याची आणि रोज भरपूर ऊन पाण्यानें न्हाऊं घालण्याची चाल थंडीपावसांत सोयीची असेल. वैशाखांतल्या दुपारीं तीच चाल बाळंतिणीच्या जिवाला भारी होई. तिच्या न्हाण्यासाठीं लागणारें पाणी आजी स्वतः दोन खेपा अधिक घालून आणी. माहेरची माया म्हणतात ती सिन्नरकडे अशी हंड्यानें मोजली जात असे.

अपुऱ्या आणि गढूळ पाण्याबरोबर हगवण येई. तान्ह्या मुलाच्या अंगांतलें पाणी एका रात्रींत निघून जाई, टाळू खोल जाई आणि डोळे ओढले जात. हगवण लागलेल्या मुलाला पाणी देऊं नये अशी समजूत पुष्कळ ठिकाणीं होती. त्या समजुतीनें किती मुलें गेलीं असतील याची गणना नाहीं. मीठ आणि साखर योग्य प्रमाणांत मिसळलेलें पाणी थोडें थोडें पाजीत राहिल्यानें असें मूल वांचतें, हें विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत सिद्ध झालें. सन १९७१ मध्यें बंगालच्या सीमेवरील निर्वासितांच्या छावण्यांत डॉक्टर दिलीप महालनबीस यांनीं तो उपाय मोठ्या प्रमाणावर वापरला. तेथें तें पाणी पाजण्याचें काम पुष्कळदां मुलांच्या नातेवाइकांच्याच हातीं सोंपविलें होतें. पुढें हा उपाय पुड्यांच्या रूपानें घरोघर पोंचला. जें काम आईचे हात सहज करूं शकतात त्यालाच शास्त्रानें औषधाची योग्यता दिली.

उन्हाळ्याचा दुसरा मोठा शत्रु म्हणजे देवीची सांथ. कोरड्या, उष्ण दिवसांत हा रोग फैलावे. वसंत ऋतूवरून त्याला कित्येक ठिकाणीं वसंतरोग असेंच नांव पडलें. घरांत मुलाच्या अंगावर फोड उठले कीं शीतळा आली असें मानीत. दाराला कडुलिंबाचा टहाळा लागे, फोडणीचा वास वर्ज्य होई आणि आई मुलाच्या उशाशीं रात्रंदिवस बसून राही. मूल वांचलें तरी डोळे राहतील कीं नाहीं हा प्रश्न उरे. भारतांत देवीची पहिली लस १४ जून १८०२ रोजीं मुंबईस तीन वर्षांच्या ॲना डस्टहॉल या मुलीस टोंचण्यांत आली. पण शहरांतून खेड्यांत आणि खेड्यांतून आईच्या मनांत ती लस शिरण्यास दीर्घ काळ लागला. प्रारंभीं एका मुलाच्या दंडावरील फोडाचें पाणी काढून दुसऱ्या मुलास टोंचीत असत. आपल्या निरोगी मुलाच्या दंडांतून कांहीं काढून घेतात आणि परक्याच्या अंगांतलें त्याच्या अंगांत घालतात, हें पाहून आया मुलांना लपवून ठेवीत. त्यांना अडाणी म्हणणें सोपें आहे. परंतु त्यांची भीति निराधार नव्हती, कारण त्या रीतीनें क्वचित् दुसरे रोगहि एकाचे दुसऱ्याला होत. वासरांपासून लस तयार करण्याची रीत आल्यावर हा आक्षेप दूर झाला, आणि 'देवी काढणें' हा शब्दप्रयोग मराठी घरांत रूढ झाला. भारतांतील देवीचा शेवटचा रोगी मे १९७५ मध्यें आढळला, आणि मे १९८० मध्यें जागतिक आरोग्य परिषदेनें सारें जग या रोगापासून मुक्त झाल्याचें जाहीर केलें. सिन्नरच्या आईच्या उन्हाळ्यांतलें एक भय अशा रीतीनें समूळ गेलें. आजच्या तरुण आयांना त्या भयाचें नांवहि नीट ठाऊक नाहीं, आणि यापरतें मोठें यश वैद्यकाला मिळालेलें नाहीं.

रोगाचें असें झालें. पोटाची गोष्ट मात्र निराळी. सन १८७६ मध्यें पावसानें दगा दिला आणि दख्खनचा मोठा भाग दुष्काळांत सांपडला. नाशिक जिल्ह्याच्या कोरड्या पूर्व भागासहि त्याची झळ लागली. सरकारनें रस्त्यांचीं व तलावांचीं कामें काढलीं आणि माणसें कुटुंबांसह खडी फोडावयास निघालीं. खर्च वाढतो म्हणून सर रिचर्ड टेंपल यांनीं जानेवारी १८७७ मध्यें मजुराच्या रोजच्या धान्याचें माप एका पौंडावर आणण्याचा आग्रह धरला. मुंबई इलाख्यांत पुष्कळ मजुरांनीं त्या दरानें काम करण्याचें नाकारलें, आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेनें त्यांची बाजू सरकारपुढें मांडली. त्या मापाच्या वादांत डॉक्टर बोलले, अधिकारी बोलले. स्त्रीचें माप पुरुषाहून कमी धरलें होतें. परंतु अंगावर पिणारें मूल असलेली स्त्री एकटी जेवत नसते, तिच्या घांसावर दोघांचें पोट असतें, ही साधी गोष्ट त्या हिशेबांत ठळकपणें आली नाहीं.

पुढें सन १८८० च्या दुष्काळ आयोगानंतर दुष्काळाचे नियम तयार झाले. कामावर आलेल्या माणसाबरोबर त्याच्यावर अवलंबून असलेल्या मुलांच्या पोटाचीहि कांहीं व्यवस्था करावयाची, हें तत्त्व त्यांत आलें. सन १८९९–१९०० च्या छपन्नाच्या दुष्काळांत त्या नियमांची कठोर परीक्षा झाली आणि मुंबई इलाख्यांत मृत्यूचें प्रमाण भयंकर वाढलें. तरी आई कामावर येते तेव्हां तिच्याबरोबर मूलहि येतें, ही जाणीव राज्यकारभारांत प्रथम उमटली ती याच कागदांत.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत सिन्नरला एक नवा धंदा जोरानें वाढला, तो विड्यांचा. शेती पावसावर आणि पाऊस बेभरंवशाचा. अशा गांवांत घरबसल्या चार पैसे देणारा हा धंदा कुटुंबांनीं उराशीं धरला यांत नवल नाहीं. टेंभुर्णीचीं पानें उन्हाळ्याच्या दिवसांत जंगलांत तोडलीं जातात. तीं भिजवून, मापानें कातरून, त्यांत तंबाखू भरून व दोरा बांधून विडी तयार होते. मजुरी हजारावर. मांडीवर सूप, सुपांत पानें व जर्दा, आणि बाजूच्या झोळींत मूल, हें दृश्य सिन्नरच्या गल्लीगल्लींतलें. झोळीला पायानें झोका द्यावयाचा आणि हातांनीं विड्या वळावयाच्या, अशी दुहेरी गति स्त्रियांच्या अंगवळणीं पडली. या धंद्यानें घरची चूल पेटती ठेवली, हें खरें. तंबाखूची बारीक धूळ आईच्या आणि मुलाच्याहि छातींत गेली, हेंहि तितकेंच खरें. उन्हाळ्यांत भिजविलेलें पान लवकर सुकून तडके, आणि पसंत न पडलेल्या विड्या बाजूस काढल्या कीं त्यांची मजुरी बुडे; म्हणजे कोरड्या हवेचा दंडहि तिच्याच हिशेबांत पडे.

कामकरी स्त्रीच्या बाळंतपणाचा भार तिच्या एकटीवर नसावा, हा विचार मुंबईच्या कायदेमंडळांत सन १९२८ मध्यें चर्चेस आला. त्या जुलैंत डॉक्टर बाबासाहेब आंबेडकर यांनीं त्या विधेयकास जोरदार पाठिंबा दिला, आणि सन १९२९ मध्यें मुंबईचा प्रसूति-साहाय्य कायदा झाला. परंतु तो गिरण्या-कारखान्यांतील स्त्रियांसाठीं होता. स्वतःच्या ओसरीवर विड्या वळणारी स्त्री कोणत्याच कारखान्याच्या हजेरीपटावर नव्हती. म्हणून कायद्याच्या दृष्टीनें ती कामकरीहि ठरत नव्हती. सन १९६१ मध्यें सर्व देशासाठीं प्रसूति-लाभाचा कायदा झाला व बारा आठवड्यांची रजा ठरली. सन १९६६ च्या विडी-सिगार कामगार कायद्यानें घरीं बसून काम करणाऱ्या स्त्रीसहि कामगार मानलें आणि प्रसूति-लाभाचा हक्क तिच्यापर्यंत आणला. सन १९७६ मध्यें विडी कामगारांसाठीं कल्याणनिधीहि निर्माण झाला. ओसरीवरची आई कायद्याच्या नजरेस पडण्यास, १९२९ पासून मोजलें तर, ३७ वर्षें लागलीं. कायदा झाला तरी आपण अमुक मालकाचें काम करतों हें सिद्ध करण्याचा कागद पुष्कळ जणींजवळ नसे, आणि त्या कागदासाठींचें भांडण पुढेंहि चालत राहिलें.

मग सन १९७२ चा दुष्काळ आला. महाराष्ट्रांतल्या जुन्या माणसांच्या बोलण्यांत आजहि 'बहात्तर सालीं' असा शब्द येतो, आणि तो उच्चारतांना आवाज किंचित् खालीं जातो. त्या उन्हाळ्यांत बांधबंदिस्ती, पाझर तलाव आणि खडी फोडण्याचीं कामें सर्वत्र निघालीं; मे १९७३ मध्यें राज्यांत जवळजवळ ५० लाख माणसें अशा कामांवर होतीं, आणि त्यांत स्त्रियांची संख्या फार मोठी होती. ज्या घरांतली बाई कधीं उंबरा ओलांडून मजुरीस गेली नव्हती तीहि पदर डोईवर ओढून खडीवर बसली. लाल मिलोची भाकरी आणि कामावर वांटली जाणारी सुकडी यांवर मुलें जगलीं. दोन दगडांना काठ्या टेकवून, त्यांवर लुगडें टाकून केलेल्या सावलींत तान्हीं निजत, आणि थोरली बहीण पांच-सहा वर्षांची असली तरी तीच त्यांची आई होई.

या दुष्काळानें महाराष्ट्रास एक मोठी गोष्ट दिली. वि. स. पागे यांनीं सन १९६५ मध्यें तासगांव तालुक्यांतील विसापूर येथें करून पाहिलेला रोजगार हमीचा प्रयोग राज्यभर पसरला, आणि सन १९७७ मध्यें त्याचा कायदा झाला. मागेल त्यास काम, हें त्याचें सूत्र. कामाच्या जागीं पिण्याचें पाणी, सावली आणि मुलांना सांभाळण्याची सोय असावी, असें त्यांत ठरलें. पुढें सन २००५ मध्यें साऱ्या देशासाठीं झालेल्या रोजगार हमीच्या कायद्यानें, सहा वर्षांखालील पांच किंवा अधिक मुलें कामावर आलीं असतां त्यांना पाहण्यास एका स्त्रीची नेमणूक करावी व तिलाहि मजुरी द्यावी, असा नियम घातला. मूल सांभाळणें हें मजुरी देण्याजोगें काम आहे, ही गोष्ट देशाच्या कायद्यांत इतक्या स्पष्ट शब्दांत आली ती तेव्हां. प्रत्यक्ष कामावर ही सोय सर्वत्र झाली असें नाहीं. पण मागण्यास आधार मिळाला.

राहतां राहिला पाण्याचा प्रश्न, आणि तो सर्वांत चिवट ठरला. देव नदीवर लहान लहान बंधारे घालून पाटानें पाणी शिवारांत वळविण्याची सिन्नरकडील पद्धत जुनी आहे. अशा पाटाच्या पाण्यानें शेत भिजतें, आणि शेताजवळच्या विहिरींतहि तें पाझरतें. काळाच्या ओघांत बंधारे फुटले, पाट बुजले आणि विंधन-विहिरींच्या नादांत त्यांची आठवणहि पुसट झाली. एकविसाव्या शतकांत सिन्नर तालुक्यांतल्याच 'युवा मित्र' या संस्थेनें गांवकऱ्यांना बरोबर घेऊन यांतले कांहीं बंधारे व पाट दुरुस्त केले आणि पाण्याच्या वांटपासाठीं गांवकऱ्यांच्या संस्था उभ्या केल्या. ज्या शिवारांत पाट पुन्हां वाहिला तेथें विहिरींना पाणी अधिक दिवस टिकूं लागलें. शेतकरी त्याचा हिशेब पिकानें करतो. घरची बाई तो खेपांनीं करते, आणि चारांच्या दोन खेपा झाल्या तर तिला दुपारीं मुलाजवळ पाठ टेकावयास मिळते.

तरीहि काम संपलेलें नाहीं. सन २०१३ आणि २०१६ च्या उन्हाळ्यांत दुष्काळानें महाराष्ट्र पुन्हां होरपळला. अशा वर्षीं कोरड्या भागांतल्या वस्त्यांवर टँकरची वाट पाहत हंड्यांच्या रांगा लागतात, आणि रांगेंत बहुधा स्त्रियाच उभ्या असतात. टँकर केव्हां येईल याचा भरंवसा नसल्यानें शाळेला सुटी लागलेल्या मुलीस घरीं राखणीस ठेवून आई रांगेंत जाते, नाहीं तर मुलीला रांगेंत ठेवून ती मजुरीस जाते. सन २०१७ मध्यें पगारदार स्त्रीची प्रसूतीची रजा पहिल्या दोन अपत्यांसाठीं २६ आठवड्यांवर गेली. सिन्नरजवळच्या माळेगांव व मुसळगांव येथील कारखान्यांच्या वसाहतींत नोकरी करणाऱ्या स्त्रीला त्या सुधारणेचा अर्थ आहे. हंडा घेऊन रांगेंत उभ्या असलेल्या शेतमजूर स्त्रीला तेवढी विश्रांति कोणी द्यावयाची, याचें उत्तर त्या सुधारणेंत नाहीं.

या साऱ्या हकीकतीकडे एकत्र पाहिलें म्हणजे एक गोष्ट दिसून येते. उन्हाळ्यानें आईवर घातलेल्या ओझ्यांपैकीं जें ओझें समाजानें आपलें मानलें तें हललें. देवीचा रोग हा एकेका घरावरचा कोप न राहतां साऱ्या जगाचें काम झाला, तेव्हां तो नाहींसा झाला. मजुरीच्या जागीं आईबरोबर मूलहि असतें हें कायद्यानें पाहिलें, तेव्हां थोडी सावली मिळाली. पाणी आणणें मात्र अजूनहि पुष्कळ ठिकाणीं घरच्या बाईचें खाजगी काम समजलें जातें, आणि म्हणूनच तें ओझें सर्वांत सावकाश हलत आहे.

गोंदेश्वराच्या आवारांतील पार्वतीच्या लहान देवळांत उन्हाळ्याच्या दुपारींहि गारवा असतो. बांधणाऱ्यानें दगड जाड घातला, सावली राखली आणि देवी उन्हांत राहणार नाहीं याची काळजी घेतली. ज्या गांवानें इतक्या शतकांपूर्वीं एवढा विचार केला, त्या गांवाच्या शिवारांतील प्रत्येक आईच्या उंबऱ्याशीं बारा महिने पाणी यावें, ही अपेक्षा कांहीं फार मोठी नव्हे. ती पुरी होईल तेव्हां अक्षय्य तृतीयेचा भरलेला घडा देतांना सिन्नरच्या कोणत्याहि आईला आपल्या मुलाच्या पाण्याचा विचार करावा लागणार नाहीं.